गरीझाच्या दोन चिठ्ठ्या

"हिला ते उपजतच आहे," असं थोरले माझ्यासमोर म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझ्या अंगाला अन्न लागेनासं झालं.

हे म्हणाले कुणाबद्दल? सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या बाईबद्दल. आणि कुणासमोर? ज्याने त्यांच्या हाताखाली चोवीस वर्षं घासली, त्याच्यासमोर. तिला उपजत, मग मी काय इतकी वर्षं माशा मारत बसलो होतो? मी तोंडाने मात्र "हो, हो, खरंच" म्हणालो आणि चहाचा कप विसळायला मोरीत गेलो. कप स्वच्छच होता.

थोरले म्हणजे आमच्या कोशाचे संपादक. वय शहात्तर. कोश तीन भाषांचा: एका रकान्यात अरबी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात आपली भाषा. टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत आमची टेबलं, मधल्या खोलीत चिठ्ठ्यांची कपाटं, आतल्या खोलीत थोरल्यांचं मोठं टेबल आणि खिडकी. उन्हाळ्यात खालून रबराचा वास येतो आणि आम्ही सगळे दुपारभर चिडचिडे असतो. अरबी वर्णमालेत अठ्ठावीस अक्षरं. सव्वीस वर्षांत आम्ही एकोणिसाव्यापर्यंत, म्हणजे गैनपर्यंत पोचलो आहोत. माझी बायको म्हणते, "तुमच्या नातवंडांना सांगून ठेवा, शेवटचं अक्षर त्यांच्याकडे आहे."

कामाची रीत अशी. एका शब्दाला एक चिठ्ठी, पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाची. हाताने लिहिलेली चिठ्ठी टायपिस्टबाईकडे जाते. ती नव्या कागदावर टाइप करते, म्हणजे अक्षरावरून चिठ्ठी कुणाची ते कळू नये. कागदाच्या पाठीमागे ती पेन्सिलीने दोन गोष्टी घालते: लिहिणाऱ्याची खूण आणि चिठ्ठी पहिल्यांदा लिहिल्याची तारीख. माझी खूण त्रिकोण. नव्या बाईने वर्तुळ घेतलं. दर गुरुवारी वाचन होतं. चिठ्ठी मोठ्याने वाचायची, तिच्यातल्या चुका काढायच्या, मग थोरले, प्रूफवाले काका आणि टायपिस्टबाई यांनी मत द्यायचं, आणि मत झाल्यावरच चिठ्ठी उलटी करायची. लिहिणाऱ्याने आपल्या चिठ्ठीबद्दल ब्र काढायचा नाही, आणि चिठ्ठी कुणाची हे ज्याला माहीत असेल त्याने ते सांगायचं नाही. नापास चिठ्ठीवर लाल फुली पडते आणि ती त्या आवृत्तीत पुन्हा येत नाही. हे नियम केले थोरल्यांनी, पण पाळायला लावले मी. मी पूर्वी शाळेत शिकवत होतो म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात, आणि नियम मोडला की माझा आवाज शाळेतल्यासारखा होतो, असंही म्हणतात.

आता त्या बाईबद्दल. आमच्याकडे येण्याआधी पंधरा वर्षं ती गोदीत होती, जहाजांवरून उतरणाऱ्या मालाचे कागद करणाऱ्या एका कचेरीत. पदवी नाही, व्याकरणाची परीक्षा नाही. खलाशांशी, तांडेलांशी, मालाच्या दलालांशी भांडता भांडता अरबी शिकली. मी मनातल्या मनात तिला गोदीबाई म्हणायचो. एकदा ते तोंडातून निसटलं. तर तिला ते इतकं आवडलं की तिने स्वतःच टेबलावर तशी पाटी लावली आणि सगळे तिला गोदीबाई म्हणू लागले. म्हणजे माझा टोमणासुद्धा हिच्याच कामी आला! कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

ती हळू बोलायची नाही, हळू हसायची नाही. पण शब्द ओळखायची. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा जिभेवर तापलेली सळई ठेवली असती तरी कबूल केलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी सीन अक्षराचे मागे राहिलेले शब्द पुन्हा काढले, तेव्हा 'सजिय्या' माझ्याकडे आला. अरबीत माणसाच्या स्वभावाला शब्द काय कमी आहेत? 'तबीआ' आहे, तिच्या मुळाशी ठसा उमटवणं आहे. आपली तब्येत तिथूनच आली. 'जिबिल्ला' आहे, तिच्यात मातीचा गोळा मळून आकार देणं आहे. 'फित्रा' आहे, माणूस पहिल्यांदा घडला ती घडण. इंग्रजीत नेचर, टेम्परामेंट, डिस्पोझिशन. आपल्याकडे स्वभाव, प्रकृती, पिंड, मूळ वळण, आणि कंटाळा आला की खोड. कुणाची मोट कुणाशी बांधायची? 'सजिय्या'साठी मी तीन दिवस अकरा कोश उपसले आणि लिहिलं: स्वभाव.

ती माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "मास्तर, नुसता स्वभाव नाही हो. तळाशी निवांत बसलेला असतो तो. वर आणायला काही करावं लागत नाही. आमच्याकडे एक म्हातारा कप्तान होता, बोटीवर पेटतं तेल सांडलं तरी आवाज चढायचा नाही त्याचा. खलाशी म्हणायचे, ही त्याची सजिय्या."

"आधार काय याला?" मी विचारलं.

"आधार? तो कप्तान."

मी खूप हसलो. प्रूफवाले काकाही हसले, कारण ते मी हसलो की हसतात. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि मी त्यांच्या डावीकडे बसतो. मग संध्याकाळी बारावा कोश उघडला. त्यात होतं: मूळ धातूचा अर्थ, शांत होणं, निवांत असणं. मी तो कोश मिटून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. पण दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी नेमका तोच मागितला. मग त्यांनी मान वर करून ते वाक्य उच्चारलं: हिला ते उपजतच आहे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटतं, मेहनती माणसाला याहून वाईट शिवी नाही. मेहनत करणाऱ्याची मेहनत दिसते, म्हणून तिची किंमत कमी. हिचं काहीच दिसत नाही, म्हणून ते मोठं. मी तिच्या चुका गोळा करू लागलो. एक वहीच केली. तिची दोन्ही भाषांतली स्पेलिंगं भयानक होती. वहीची चौदा पानं भरली तरी माझं समाधान होईना.

असं सगळं चाललेलं असताना एका सोमवारी थोरल्यांनी आम्हाला दोघांना आत बोलावलं.

"मी या महिनाअखेर थांबतो," ते म्हणाले. "कागद पांढरा आहे एवढंच दिसतं आता, वरचं काही दिसत नाही. या टेबलावर तुम्हा दोघांपैकी कुणीतरी बसायचं. कोण, ते मला ठरवता येत नाही. मास्तर, तुमच्याइतकी शिस्त कुणाकडे नाही. बाई, तुमच्याइतका कान कुणाकडे नाही. तेव्हा असं करा. 'गरीझा' शिल्लक आहे. अरबी गरीझा, इंग्रजी इन्स्टिंक्ट. दोघांनी एकेक चिठ्ठी द्या. पुढच्या गुरुवारी वाचू. ज्याची पास होईल, त्याने किंवा तिने बसावं."

मी खिडकीकडे पाहिलं. सव्वीस वर्षं मी त्या खिडकीकडे बाहेरच्या खोलीतून, दारातून तिरकं पाहत आलो होतो. मला ते टेबल हवं होतं.

घरी बायको मटार सोलत होती. मी सगळं सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून.

"तुम्हाला तिचा मत्सर वाटतो," ती म्हणाली.

"मत्सर कसला! अन्याय आहे हा."

"अन्याय झाला की माणूस भांडतो. तुम्ही तिच्या चुकांची वही करता. मी पाहिली आहे, किराणाच्या यादीसाठी पान शोधत होते तेव्हा."

"मग? चुका आहेत त्या."

"असतील. पण पूर्वी तुम्ही घरी आलात की शब्द सांगायचात मला. आज अमुक शब्द सापडला, तमुक सापडला. मला अर्धं कळायचं नाही, पण मजा यायची. आता दोन वर्षं झाली, तुम्ही फक्त तीच सांगता. ती असं म्हणाली, ती तसं हसली. दुसरी बायको केली असती तरी इतकं ऐकावं लागलं नसतं."

मी मटारचे चार दाणे तोंडात टाकले आणि उठलो. स्वभावाला औषध नाही, असं पुटपुटलोही. पण कुणाच्या स्वभावाबद्दल, ते तिने विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी चौदा खर्डे केले. प्रत्येक शब्द तोलून घेतला. शंका येईल असं सगळं काढून टाकलं. शेवटी जे उरलं ते असं: 'सजीवाच्या ठायी जन्मतः असणारी, शिक्षण वा अनुभव यांवर अवलंबून नसणारी वर्तनप्रवृत्ती, सहजप्रेरणा.' कुठून बोट घालाल? कुठूनच नाही. मी ती टायपिस्टबाईकडे दिली आणि मग तिच्यावर, म्हणजे गोदीबाईवर, नजर ठेवू लागलो.

हे सांगायला लाज वाटते, पण आता सांगायलाच बसलो आहे तर अर्धवट कशाला. मंगळवारी ती जेवायला गेली तेव्हा मी तिची कचऱ्याची टोपली उपसली. फाडलेल्या चिठ्ठ्या होत्या, तीन-चार तरी. तुकडे टेबलावर जुळवून पाहिले. एकीवर फक्त 'गरीझा म्हणजे' इतकंच होतं आणि पुढे नुसत्या काट्या. मला जो आनंद झाला, तो मुलगी पहिल्या वर्गात पास झाली तेव्हाही झाला नसेल. अडली! उपजतवाली अडली! मी शीळ घालत तुकडे परत टोपलीत टाकले. बुधवारी ती दिवसभर मधल्या खोलीत कपाटांमध्ये बसून होती, धुळीने केस पांढरे झालेले. जुन्या चिठ्ठ्यांतून उदाहरणं उसनी शोधत असणार, असं मी धरून चाललो. संध्याकाळी तिने एक कागद टायपिस्टबाईच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघून चक्क हसली. मला ते हसू आवडलं नाही.

गुरुवारी आम्ही पाचजण थोरल्यांच्या टेबलाभोवती बसलो. टायपिस्टबाईने पहिली चिठ्ठी वाचली. माझीच होती. ऐकताना मला ती फारच बरी वाटली.

"बरोबर आहे," प्रूफवाले काका म्हणाले.

"बरोबर आहे," गोदीबाईही म्हणाली. एवढंच.

मग टायपिस्टबाईने चष्मा पुसला आणि दुसरी वाचली.

"गरीझा. जे कुणी शिकवलं नाही आणि जे विसरता येत नाही, ते. अरबी शब्दाच्या मुळाशी सुई खुपसणं आहे, इंग्रजी शब्दाच्या मुळाशी पराणी टोचणं. एकात टोचलेलं आत राहतं. दुसऱ्यात टोचलं की जनावर चालू लागतं. उदाहरण: आई झोपेत कूस बदलते, पण मुलावर पडत नाही."

खाली टायरमध्ये हवा भरण्याचा पंप चालू होता. टायपिस्टबाईने, जी गेली बारा वर्षं रोज शंभर चिठ्ठ्या कपाळाला आठी न पाडता वाचत आली आहे, ती चिठ्ठी मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचली. तिचे ओठ हलताना मला दिसले. थोरले डोळे मिटून बसले होते. काका म्हणाले, "माझी मोठी बहीण झालेली बाळंत तेव्हा... हो, अगदी असंच."

मला काय झालं ते नीट सांगतो. आधी मला ती चिठ्ठी आवडली. क्षणभरच, पण आवडली, अगदी पोटातून. आणि लगेच त्या आवडण्याचाच राग आला. पराणी! ही बैल हाकायची काठी हिला कुठे सापडली? मी चौदा खर्डे केले आणि दोन भाषांतलं ते टोचणं माझ्या लक्षातही आलं नाही. आणि ही गोदीत पावत्या फाडणारी बाई एका ओळीत दोन्ही भाषा एकमेकींशेजारी बसवून मोकळी झाली. मला कळून चुकलं की मी जन्मात असं लिहू शकणार नाही. टेबल गेलं. खिडकी गेली. मी उभा राहिलो. वाचनात कुणी उभं राहत नाही.

"मला यावर बोलायचं आहे," मी म्हणालो.

"बोला," थोरले म्हणाले.

"पहिली गोष्ट. वस्तू काय आहे ते व्याख्येने सांगायचं असतं. काय नाही, ते नव्हे. शिकवलं नाही, विसरता येत नाही. दोन नकार जोडले म्हणजे अर्थ होत नाही. दुसरी गोष्ट. विसरता येत नाही, हे कुणी तपासलं? पिंजऱ्यात जन्मलेली पाखरं काय काय विसरतात. तिसरी. सुई आणि पराणी हा योगायोग आहे, त्याला कोशात जागा देणं म्हणजे घरात पाहुण्याला देव्हाऱ्यात बसवणं. आणि ते उदाहरण! कुठल्या ग्रंथातलं आहे? कुणाचं आहे? ही कोशाची चिठ्ठी नाही, हे कुणाचं तरी हळवेपण आहे. उद्या परीक्षेला बसलेलं मूल हे पान उघडेल, त्याने काय लिहायचं, आई कूस बदलते?"

"मास्तर," गोदीबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मास्तर, जरा थांबा. असं नका—"

"नियम!" मी ओरडलो, अगदी शाळेतल्यासारखा. "आपल्या चिठ्ठीवर ब्र काढायचा नाही!"

"पण मी—"

"कुणाची ते सांगायचंही नाही! की आजपासून नियम तुम्हाला नाहीत?"

दोन्ही हात तिने टेबलाखाली घेतले. मला वाटलं, जिरली.

मी आणखी दहा मिनिटं बोललो. जुन्या आवृत्तीतली उदाहरणं दिली, अशा हळव्या चिठ्ठ्यांमुळे परगावच्या एका कोशाचं कसं हसं झालं ते सांगितलं. सव्वीस वर्षांची सगळी विद्या मी त्या पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ओतली. आणि मी बोलायला लागलो की चांगला बोलतो. मुलं घाबरायची ती उगाच नाही. काकांनी मान डोलावली. टायपिस्टबाई म्हणाली, "परीक्षेच्या मुलाचं म्हणाल तर खरं आहे." दोघांची मतं पहिल्या चिठ्ठीला गेली. थोरल्यांनी टेबलावरच्या दोन्ही चिठ्ठ्या चाचपल्या. मग म्हणाले, "मला दुसरी आवडली होती. पण मास्तरांच्या मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर नाही. पहिलीच घ्या." टायपिस्टबाईने लाल पेन्सिल घेतली आणि दुसरीवर फुली मारली.

"आता उलटा," थोरले म्हणाले. "पहिली?"

"त्रिकोण," टायपिस्टबाई म्हणाली. "तारीख गेल्या शुक्रवारची."

मी खाली बसलो. मी खिडकीकडे पाहिलं, आणि टेबल कुठल्या बाजूला सरकवलं म्हणजे उजेड डावीकडून येईल याचा विचारसुद्धा केला.

"आणि दुसरी?"

तिने चिठ्ठी उलटली. मग डोळ्यांजवळ नेली.

"त्रिकोण," ती म्हणाली. "ही पण त्रिकोण. तारीख... पंचवीस वर्षांपूर्वीची आहे. मी तारीख घालताना पाहिली होती हो, पण मला वाटलं, मास्तरांनीच जुनी चिठ्ठी बाईंच्या हाती जोडीला पाठवली असेल."

"माझी नाही ती," मी म्हणालो.

गोदीबाईने पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. अक्षर माझंच होतं, पण आजच्यापेक्षा उतावळं. ओळी वर चढत गेलेल्या. कोपऱ्यावर दुधाचा डाग.

"परतीच्या खणात होती," ती म्हणाली. परतीचा खण म्हणजे लिहिणाऱ्याने वाचनाआधी स्वतःच मागे घेतलेल्या चिठ्ठ्या जिथे जातात तो. तिथे कुणी जात नाही. "मला काही जमेना. चार फाडल्या. म्हटलं, पूर्वी कुणी या शब्दाला हात लावलाय का बघू. ही मिळाली आणि मी तिथेच फतकल मारून बसले. याहून बरं मला लिहिता येणार नाही, मास्तर. मग माझी कशाला द्यायची? मला वाटलं, वाचल्याबरोबर तुम्ही ओळखाल. खूश व्हाल. मी गंमत बघायला आले होते."

तेव्हा मला आठवलं. मुलगी बारा दिवसांची होती. दुपारची वेळ. बायको जमिनीवर चटईवर झोपली होती, मुलगी तिच्या कुशीत. मी भिंतीला टेकून 'अलिफ'च्या चिठ्ठ्या तपासत होतो. बायकोने कूस बदलली आणि माझा जीव वर आला, आणि झोपेतच तिचा हात मुलीभोवती फिरला. मी समोरचं काम बाजूला टाकून ती चिठ्ठी लिहिली. 'गैन' यायला वीस वर्षं तरी होती. ती लिहायचं कसलंच कारण नव्हतं. जे विसरता येत नाही ते, असं लिहिणारा मी, आणि मीच ती विसरून गेलो होतो. दहा-अकरा हजार चिठ्ठ्या लिहिल्यानंतर माणूस विसरतो, असं मी नंतर बऱ्याच लोकांना सांगितलं. स्वतःला सांगितलं तेव्हा पटलं नाही.

"मागे का घेतलीत?" थोरल्यांनी विचारलं. त्यांचे न दिसणारे डोळे माझ्या बाजूला वळले होते.

"तुम्ही हसाल म्हणून."

"हसलोच असतो," ते म्हणाले. "आणि घेतली असती."

काकांनी उजवा कान पुढे केला होता, पण ऐकायला काही नव्हतं. शेवटी थोरले म्हणाले, "बरं. दोन्ही चिठ्ठ्या तुमच्याच. म्हणजे प्रश्नच मिटला. टेबल तुमचं, मास्तर."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला वाईट वाटत होतं, पण टेबल गेल्याचं नव्हे, माझं. अडीच वर्षं मी या बाईचा मत्सर केला. आणि त्या क्षणी मत्सर गेला का? छे. उलट दुप्पट झाला. एक तिचा, जिने धुळीतून चांगली चिठ्ठी उचलली आणि ती आपली नाही म्हणून क्षणभरही खट्टू झाली नाही. आणि एक त्या पोराचा, तेव्हाच्या माझा, ज्याचा हात कारण नसताना कागदाकडे गेला होता. पहिलीला निदान मी समोर पाहून नावं ठेवू शकत होतो. दुसऱ्याला मी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच खणात घालून कुलूप लावलं होतं, आणि आज तो वर आला तर पुन्हा टेबलावर आडवा पाडून फुली मारली होती.

"टेबल यांना द्या," मी म्हणालो.

"मास्तर, उगाच रागाच्या भरात—" गोदीबाई म्हणाली.

"रागाच्या भरातच म्हणतो आहे. माझं डोकं ठिकाणावर असताना मी असलं काही म्हणणार नाही, तेव्हा घ्या लवकर." माझा आवाज फाटला. "त्या टेबलावर बसून लिहायचं नसतं. समोर आलेली चिठ्ठी ओळखायची असते. मला माझीच ओळखता आली नाही. यांना परक्याची आली."

हे बोलताना मोठेपणा वगैरे काही वाटला नाही. दाढ उपटताना वाटतं तसं वाटलं. थोरल्यांनी हात पुढे करून टेबलावर चाचपडत माझा हात शोधला आणि थोपटला. मी हात काढून घेतला.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बारा दिवसांची होती तेव्हा? मला माहीतच नाही, तुम्ही बघत होता ते." मग जरा वेळाने म्हणाली, "वाचून दाखवा." मी म्हणालो, कागद कचेरीत आहे. पाठ नव्हती.

पुढल्या महिन्यात गोदीबाई आतल्या खोलीत बसू लागली. टेबल तिने हलवलंसुद्धा नाही. खिडकीकडे पाठ करून बसते. गैनचा भाग छापायला जायच्या आधी मी एकदा आत गेलो आणि दार लोटून घेतलं.

"एक विचारायचं होतं," मी म्हणालो. "ती दुसरी चिठ्ठी. आता तुम्ही संपादक आहात. घेता नाही का येणार?"

तिने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, ही चटकन हो म्हणेल. ती तसल्याच स्वभावाची.

"मला ती तोंडपाठ आहे, मास्तर," ती म्हणाली. "रोज आठवते. पण फुली पडली आहे तिच्यावर. तीन मतांनी पडली आणि तिन्ही मतं तुम्ही फिरवलीत. तुमच्या मुद्द्यांना थोरल्यांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. आज तुमच्यासाठी नियम मोडला, तर उद्या या खोलीत माझं कोण ऐकेल? तुम्ही तरी ऐकाल का?"

"नाही," मी म्हणालो. खरंच ऐकलं नसतं.

"पुढच्या आवृत्तीत घेऊ."

पुढची आवृत्ती यायला तीस वर्षं लागतील हे तिलाही माहीत होतं, मलाही. मी मान हलवली आणि बाहेर आलो.

आठवड्याने छापखान्याकडून प्रुफं आली. काकांना बरं नव्हतं म्हणून त्या पानांचं काम माझ्याकडे आलं. 'गरीझा' पानाच्या मधोमध होतं. सजीवाच्या ठायी जन्मतः असणारी, शिक्षण वा अनुभव यांवर अवलंबून नसणारी वर्तनप्रवृत्ती, सहजप्रेरणा. मी पट्टी लावून ती ओळ तीनदा वाचली, एकदा उलटीही वाचली. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, स्वल्पविराम तपासला. मग खाली सही केली. एकही चूक नव्हती.